इवाईबुवांचं कमरकस

माळवस्ती, धर्मापुरी
२० ऑक्टोबर १९८५

इवाईबुवा राधाकिशनराव यांना छबुबाईचा रामराम.

आमी समदे बरे हाव, तुमी बी बरे असाल. इतकं लिहिलं, आता भांडनाला सुरुवात करते.

पंधरा दिवसामागं जावई भारतराव तुमच्या सुनंला, म्हंजे माज्या सत्यभामाला, बाळंतपनाला इथं पोचवायला आलते. तवा मी त्यांच्यापाशी तुमाला निरोप धाडला. पह्यलं बाळंतपन हाय, हैदराबादंत कमरकस चांगलं मिळतं, तेवढं धाडा म्हनलं. काल टपालानं तुमची पुडी आली. समद्या बायांना बोलावलं, म्हनलं बघा आमचे इवाई कसे हायेत, शब्द खाली पडू देत न्हाईत. पुडी सोडली. आत काय, तर बी! मव्हरीपेक्षा जरा ठळक, काळंभोर बी. शेजारची साखराबाई म्हनली, “छबे, तुज्या इवायानं पाखराला खानं धाडलं वाटतं.” माजं तोंड बघन्यासारखं झालं.

अवो, कमरकस म्हंजे पळसाचा डिंक! लाल, खड्यावानी. तुपात फुलवायचा न बाळंतिनीच्या लाडवात घालायचा. उभा जलम सरकारी बागंत माळ्यांचे मुकादम म्हनून काढला तुमी, न डिंक कोनता, बी कोनतं, एवढं कळंना? आमी चिमन्या पाळल्यात का?

आनिक एक. आमी वस्तीच्या चौदा जनींनी मिळून बायांची दूध सोसायटी काढली. मी चेअरमन हाय. हसू नका. गावातली जुनी सोसायटी सुंदररावाची. त्यो पुढारी मानूस, चार लोकांत म्हनला, “ही चुलीपुढची चेअरमन.” म्हनलं बरं, दूध बी चुलीवरच तापतं.

पाऊस न्हाई. जवारी गुडघ्याएवढीच ऱ्हायली. सत्यभामाची तब्येत झकास हाय, फकस्त तुमच्या बियाला हसू हसू तिचं पोट दुखतंय.

तुमची ईन,
छबुबाई

•

हैदराबाद
२ नोव्हेंबर १९८५

विहीणबाईंना राधाकिशनचा नमस्कार.

आपले पत्र की फौजदारी, हे ठरवायला मला दोन दिवस लागले. आता माझी कैफियत ऐका.

चारमिनारजवळच्या जडीबुटी विकणाऱ्या अत्ताराकडे मी स्वतः गेलो, पोराला पाठवले नाही. कमरकस मागितले. तो म्हणाला, “बीज चाहिए या गोंद?” आता मला काय ठाऊक की कमरकस दोन तऱ्हेचे असते? आपल्यापुढे मान खाली जाऊ नये म्हणून मी ऐटीत म्हटले, “जो असली है वो देव.” त्याच्या लेखी असली म्हणजे बी. त्याने बी बांधून दिले. इतकीच माझी खता.

ते बी कसले, हेही कबूल करून टाकतो, मला ओळखू आले नाही. चाळीस वर्षे बागेत गेली. पण मी पान पाहून अंदाज करतो आणि फूल पाहून शपथ घेतो. बी पाहून बोलणारे लोक वेगळे असतात, ते बहुधा खोटे बोलतात. तेव्हा लाडवात हे अजिबात घालू नका. फेकूही नका. एखाद्या फुटक्या डब्यात पेरा. पाण्याला खाली वाट हवी, दुपारची सावली हवी. पान आले की कळवा.

चेअरमन झालात, फार आनंद झाला. हसलो नाही. घरात ही मात्र हसली, आणि म्हणाली, विहीणबाई आपल्याकडे आल्या तर आता खुर्ची द्यावी लागेल.

आपला,
राधाकिशन

•

माळवस्ती
९ जानेवारी १९८६

इवाईबुवांना रामराम.

तार मिळाली असंल. नात झाली! रंग तुमच्यावर, आवाज माज्यावर. रडली का पार म्हाळू धनगराच्या वाड्यापर्यंत आयकू जातं न त्याची कुत्री भुकाय लागत्यात. सत्यभामा खडखडीत हाय. परळीहून डिंक आनला, लाडू झाले, तुमचं नाव घेत घेत खाल्ले.

तुमचं बी फुटक्या घमेल्यात टाकलं, न्हानीच्या मोरीपाशी. अकरा उगवले, तीन जगले. प्यायच्या पान्याचे वांधे, झाडाला कुटून घालू? नातीच्या अंघोळीचं पानी त्यांच्यावर जातं. म्हंजे तुमच्या नातीनंच ते वाढवलं म्हना.

पान राखेच्या रंगाचं, लांबट, न हात फिरवला तर बकरीच्या जिभंवानी खरखरीत. वास असा उग्र का बस. म्हाळूची शेळी तोंड घालाया आलती. हुंगली, फसकन शिंकली न मागल्या पायानं पळाली. आमच्याकडं शेळी खात न्हाई असं झाड म्हंजे सोनंच की.

सव्वा महिना झाला का लेकीला धाडते. धाडायला मन होत न्हाई, ती गोष्ट येगळी.

छबुबाई

•

हैदराबाद
२५ जानेवारी १९८७

विहीणबाईंना नमस्कार.

नातीच्या जन्माच्या पत्रानंतर आपली तीन पत्रे आली, तिन्ही सोसायटीची. कुणाच्या म्हशीला फॅट किती लागते ते मला आता पाठ झाले आहे. झाडाचे मात्र एक अक्षर नाही. मेले असेल तर तसे सांगा, मी सुतक धरत नाही.

नात घरभर पळते. माझा चश्मा उचलून बादलीत टाकणे हा तिचा सध्याचा धंदा. भारत आणि सूनबाई मजेत. वर्तमानपत्रात तिकडच्या दुष्काळाचे वाचतो आणि जीव घाबरा होतो. पाण्याचे कसे काय? खरे लिहा.

झाड असेल तर एक फांदी दाबून, वाळवून पाठवा. आता पुराव्याशिवाय मी कशालाच काही म्हणणार नाही.

राधाकिशन

•

माळवस्ती
१० फेब्रुवारी १९८७

इवाईबुवांना रामराम.

झाड मरंल कशानं? तिनाच्या फांद्या मोडून मोडून लावल्या, आता चाळीस हायेत. गोठ्यामागं कुंपनच झालंय. कापूस करपला, हे पठ्ठं हिरवं. हिवाळ्यात थंडी कडाडून पडली न यंदा पह्यल्यांदा त्याला फुलं आली. निळी-जांभळी, तुऱ्यानं. समदी माळरानं पिवळी पडल्याली असताना आमच्याच गोठ्यामागं निळं दिसतं. वाटंनं जानारी मानसं उभी राहून बघत्यात. बाया केसात घालत्यात. आमची सेक्रेटरी भिवराबाई म्हनती, आपल्या सोसायटीला बोर्ड न्हाई, तर ह्योच आपला बोर्ड. एक फांदी धाडली हाय. लई गुनाचं झाड, कसं ते इचारू नका.

खरं लिहा म्हनला म्हनून लिहिते. पान्याचा टँकर एक दिसाआड येतो. आन् डेअरीच्या साहेबानं कळवलंय का, एका गावात दूध न्यायची गाडी दोन ठिकानी थांबनार न्हाई. सोळा मार्चपासून एकतीसपर्यंत दोनी सोसायट्यांचं दूध मोजायचं. जिचं जास्त भरंल तिच्या दारात गाडी. दुसरीनं आपल्या कॅनी उचलून तिच्याकडं जायचं.

तुमी म्हनाल, जावं, त्यात काय? त्यात असं हाय का, सुंदररावाच्या सोसायटीत दूध घरधन्याच्या नावानं लागतं. शेन आमी काढायचं, चारा आमी आनायचा, धार आमी काढायची, न वहीत नाव त्यांचं. दीड वर्सं झालं, आमी चौदा जनी आपापल्या नावानं दूध घालतोय. साखराबाईला सही येत न्हवती, आता ती चुलीवरच्या भिंतीवर बी कोळशानं सही करून ठिवती. हे समदं जाईल, इवाईबुवा. त्याच्यासाठी माजा जीव खालीवर होतोय.

दूध जरा कमी आलंय, चाऱ्यामुळं. पर मी इलाज चालू केलाय. काळजी नको.

छबुबाई

•

हैदराबाद
२० फेब्रुवारी १९८७

विहीणबाई,

पाकीट उघडले आणि सगळ्या घरात वास भरला. ही आतून ओरडली, मसाल्याचा डबा कोणी सांडला? नात शिंकली. म्हाळूच्या शेळीत आणि तिच्यात काही फरक नाही.

आता नीट वाचा. खोड बोटांत फिरवून पाहिले, चौकोनी लागते. पाने समोरासमोर, आणि खालची जोडी पूर्व-पश्चिम असेल तर वरची दक्षिण-उत्तर. फुलाला दोन ओठ. म्हणजे कूळ सापडले: तुळस, पुदिना, सब्जा यांचे कूळ. पण कुळात माणसे पुष्कळ. फुले पाकिटात चुरगळली, म्हणून पुढचे काम आपल्याला करायचे आहे.

सकाळचे ताजे फूल घ्या. सुईने उभे उघडा. आत बारीक काड्या असतात, टोकाला पिवळी भुकटी लागलेली. त्यांना पुंकेसर म्हणतात. ते मोजा. चार असले तर तुळशीच्या जवळचे काहीतरी. दोनच असले तर सेज. सेज हे परदेशी झाड आहे, शोभेलाही लावतात आणि औषधालाही. आमच्या बागेत शेजारच्या युनानी दवाखान्यासाठी एक वाफा होता.

चार की दोन, इतकेच कळवा. आणि “इलाज चालू केलाय” म्हणजे कसला? त्या वाक्यापाशी मी तीनदा थांबलो.

राधाकिशन

•

माळवस्ती
१ मार्च १९८७

इवाईबुवांना रामराम.

काल सोसायटीची मिटिंग होती. विषय एकच घेतला, तुमचं फूल. चौदा जनी गोल बसल्या. साखराबाईनं चश्मा लावला, मी सुई घेतली. सात फुलं फाडली. मोजलं, परत मोजलं. चार! दोन उंच, पिवळ्या टोकाची. दोन खाली, आखूड. भिवराबाईनं ठराव लिहिला का पुंकेसर चार हायेत, न समद्यांनी सह्या केल्या. आता तर तुमाला मानावंच लागंल. तुळशीच्या गोतातलं निघालं, माज्या मनाला लई बरं वाटलं. ते सेज का काय ते नकोच. साखराबाई म्हनती, शेज म्हंजे अंथरून, ते कशाला उगवंल?

एक गंमत झाली. फाडायच्या आदी मी एका फुलात सुईचं मागलं टोक घातलं, भुंगा तोंड घालतो तसं. तर वरची दांडी आपसूक खाली आली न माज्या बोटावर पिवळं पावडर लावून गेली! सुई काढली का दांडी वर. परत घातली का खाली. हुबेहूब परळीच्या रेल्वे फाटकावानी, एक बाजू वर गेली का दुसरी बाजू खाली. मग काय, मिटिंग ऱ्हायली बाजूला, चौदा म्हाताऱ्या-तरन्या फुलात काड्या घालत बसल्या. भुंग्याच्या पाठीवर असाच टिळा लागत असंल. मला लई हसू आलं. इतकी वर्सं झाडं बघितली, फुलाच्या आत फाटक असतं हे कुनी सांगितलंच न्हाई.

आता तुळशीचं गोत ठरलं म्हनून लपवीत न्हाई. तुमी धाडलं ते कमरकसच. म्हनून मी महिनाभर झालं बाळंतिनींना ह्याच्या पाल्याचे लाडू चारते हाय. बाजरीचं पीठ, गूळ न पाला. माज्या घरची एक, साखराबाईची एक, अशा वस्तीत सात बाळंतिनी. दूध वाढायला पायजे ना.

छबुबाई

•

तार
८ मार्च १९८७

पाला बाळंतिणींना देऊ नका. ताबडतोब बंद. पत्र येत आहे. राधाकिशन.

•

हैदराबाद
८ मार्च १९८७

विहीणबाई,

तार केली, आता पोस्टातच बाकावर बसून हे लिहितो आहे.

चार नाहीत. दोनच आहेत. आपल्या ठरावाला मी मान देतो, पण तो चुकला. आपण सांगितलेले फाटकच मला सगळे सांगून गेले. फाटकाच्या दांडीला दोन टोके असतात ना? एक उंच, एक वजनाचे, आखूड. तशी एकेका पुंकेसराला दोन टोके आहेत. आपण टोके मोजलीत. दांड्या दोनच. असे फाटक तुळशीत नसते, पुदिन्यात नसते. ते सेजमध्येच असते. चाळीस वर्षांत मी हजार फुले मोजली, पण एखाद्या फुलात काडी घालून पाहावी असे मला सुचले नाही. आपल्याला सुचले. या गोष्टीचा मला हेवा वाटतो आणि अभिमानही.

आता वाईट ते सांगतो. आमच्या शेजारच्या दवाखान्यातले हकीमसाहेब सेजचा काढा देत. घसा बसला तर गुळण्यांना. आणि मूल मोठे झाले, त्याचे अंगावरचे तोडायचे असले, तर आईला. दूध आटावे म्हणून! वाढावे म्हणून नव्हे!

सात बाळंतिणी! इतक्या लहान वस्तीत एकदम सात कशा काय, हे मला कळत नाही, पण तो माझा विषय नाही. त्या लेकरांचे काय चालले असेल या विचाराने कालपासून घास उतरलेला नाही. चूक माझी. असली काय ते विचारायला हवे होते. उलट टपाली कळवा. लेकरे कशी आहेत?

राधाकिशन

•

माळवस्ती
१४ मार्च १९८७

इवाईबुवा, जेवा. आदी जेवा, मग पुढचं वाचा.

बाळंतिनी म्हंजे म्हशी हायेत!

माजी चांदी, साखराबाईची मोरनी, आनिक पाच. समद्या पौषात येल्या. आमच्याकडं येल्याल्या म्हशीला बाळंतीनच म्हनत्यात. तिला बी लाडू, तिला बी शेक. तुमाला वाटलं बाया! माज्या हातातनं पत्र पडलं न मी जमिनीवर बसून हसले, मग जरा रडले, कारन तुमी न जेवता बसला होता.

तारेचं आयका. पोस्टमन तार घेऊन वस्तीत शिरला. तार म्हंजे कुनीतरी गेलं. साखराबाईनं ती उघडायच्या आदीच गळा काढला, “इवाई गेले गं!” तिचं बघून दुसऱ्या तिघी. भिवराबाई शानी, तिनं वाचली. म्हनली, “गप बसा, मयतानं सोताच सही केलीय.” इवाईबुवा, तुमी जित्ते हाव म्हनून त्या दिशी वस्तीत गुळाचा चहा झाला.

आता माजी चूक. दूध एवढं कमी झालं ते चाऱ्यामुळं न्हवतं. अडतीस लिटर होतं, लाडू चालू केले न तीन आठवड्यात सत्तावीसवर आलं. मी म्हनायची, अजून गुन आला न्हाई, दोन लाडू वाढवा. माज्याच हातानं मी माज्या सोसायटीचा गळा दाबत होते. तुमाला मुद्दाम लिहिलं न्हाई. चेअरमनला कळत न्हाई असं कसं लिहू? तार आली त्या दिसापासून बंद केलंय. काल तीस लिटर भरलं. चढतंय हळूहळू.

आन् आता ज्याच्यासाठी हे पत्र. सुंदररावानं बघितलं का आमी पाल्याचे लाडू चारतोय. त्याला वाटलं, बायांना गुपित घावलं. त्याचा गडी सिदू आठ दिसापासून कुंपनावरनं पोतं भरून पाला नेतोय. त्याच्या घरी लाडू वळून त्यांच्या सोसायटीच्या अठरा म्हशींना चालू हाय. पंचेचाळीसवरनं छत्तीसवर आलेत, न अजून उतरतंय.

परवापासून मोजनी. साखराबाई म्हनती, गप बस, आपन थोडंच चारलं? चोरून नेलं, भोगा म्हनावं. मला बी वाटतं गप बसावं. गप बसले तर गाडी आपलीच. पर माजं चित्त थाऱ्यावर न्हाई. तुमी सांगा. तुमी सांगाल ते करीन, हे पह्यल्यांदा न शेवटचं.

छबुबाई

•

हैदराबाद
१८ मार्च १९८७

विहीणबाई,

जेवलो. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. ही अजून हसते आहे, आणि नातीला “बाळंतीण म्हणजे म्हैस” असे शिकवते आहे. पुढे अवघड होईल.

आपण विचारलेत म्हणून सांगतो. सांगून टाका त्यांना. म्हशी सुंदररावांच्या असतील, पण धार त्यांची बायकोच काढत असेल ना? आटलेल्या कासेशी रोज सकाळी तिलाच बसावे लागते.

हरलात तर मी स्वतः येऊन आपल्या कॅनी उचलीन. माझी कंबर काही फारशी धड नाही, पण येईन.

राधाकिशन

•

माळवस्ती
३ एप्रिल १९८७

इवाईबुवांना छबुबाईचा रामराम, न आज भांडन न्हाई.

तुमचं पत्र बावीसला आलं. तवा मोजनीत आमी पुढं होतो. साखराबाईला घेऊन तशीच सुंदररावाच्या दारी गेले. तो बाजेवर बसला होता, सिदू पाला कुटत होता. म्हनलं, “सुंदरराव, त्यो पाला बंद करा. दूध आटवतो त्यो. आमचं बी आटलतं.”

तो लई हसला. “मग आता तुमचं कावून वाढलं?”

“बंद केलं म्हनून वाढलं.”

“वा! म्हंजे मी बंद करायचं न तुमी चारायचं?” मी तुमचं पत्र पुढं केलं. ते वाचून म्हनला, “इवाई तुमचाच न्हवं? तुमच्यासारखंच लिहिनार.” न सिदूवर वरडला, “बघतो काय बे? आजपासून दोन घमेली कुट!”

दारात त्याची बायको ताराबाई उभी होती, हातात धारंची चरवी. चरवीत बघितलं, तळ झाकला न्हवता. तिनं पदरानं चरवी झाकली. मी परत आले. म्हनलं, माजं काम मी केलं, आता झोप लागंल. न लागली बी.

पर पुढं काय झालं? पंचवीसपासून त्यांचं दूध चढाय लागलं! एकोनतीस, बत्तीस, छत्तीस. मला कायबी कळंना. पाला तर रोज जात होता. साखराबाई माज्याशी बोलंना, म्हनली तुज्या चांगुलपनानं बुडवलं. तिसाला ते आमच्या पार मानगुटीवर आले. एकतिसाला सकाळी धारंला बसायच्या आदी मी चांदीलाच हात जोडले, इवाईबुवा. चांदीनं मान वळवून बघितलं, का बाई आज हिला काय झालं.

डेअरीच्या साहेबानं समद्यांपुढं बेरीज वाचली. सोळा दिसांत त्यांचं पाचशे एकेचाळीस लिटर. आमचं पाचशे अठ्ठेचाळीस! सात लिटर! भिवराबाईनं वही डोक्यावर धरली न नाचली. तिचं वय साठ हाय. साखराबाईनं मला मिठी मारली न वर सोताच म्हनली, “मी सांगत न्हवते का, खरं सांग म्हनून?”

तुमच्या झाडाचं सांगते. काढलं न्हाई. त्याचा काय गुन्हा? नाव मात्र बदललं, आता त्याला समदी “आटवनी” म्हनत्यात. शाळेचे मास्तर घशाला पाला नेत्यात. म्हाळूला करडं दुधावरनं तोडायची असली का तो शेळीला गुळातनं चारायला मूठभर मागतो. कोन्या बाईला, कोन्या म्हशीला द्यायचं न्हाई, असा ठराव केलाय. पुंकेसर दोन हायेत, ह्यो बी ठराव केलाय. पह्यला ठराव रद्द.

आता परवाचं. एक तारखंला गाडी आमच्या दारात थांबली. पाठोपाठ गावातली बापे मानसं आपापल्या कॅनी घेऊन आमच्याकडं आली. कुनी मान वर करंना. रांगंत पह्यली ताराबाई, न तिच्या मागं कॅन उचलून सुंदरराव. भिवराबाईनं वही उघडली. “नाव?”

सुंदररावानं आपलं नाव सांगितलं.

भिवराबाई म्हनली, “दादा, ही बायांची सोसायटी हाय. धार काढनारीचं नाव लागतं.”

तो ताराबाईकडं बघाय लागला, तिनं काईतरी बोलावं, न्हाई म्हनावं असं. ती पुढं झाली. म्हनली, “लिही. ताराबाई. आन् समद्यांना सांगते, समद्यांच्या म्हशींचे लाडू मीच वळत होते, न पाला खड्ड्यात टाकत होते. छबुबाई दारी येऊन गेल्या त्या दिसापासून. न्हाईतर आज ही कॅन बी भरली नसती.”

सुंदररावाच्या हातात कॅन तशीच. मला वाटलं आता हा भडकनार. इवाईबुवा, खरं सांगते, त्यानं कॅन खाली ठिवली, बायकोकडं बघितलं न म्हनला, “मग सांगितलं कावून न्हाई?”

ती म्हनली, “तुमी आयकलं असतं?”

तो हसला. पह्यल्यांदा सरळ मनानं हसला. मग त्यानंच पेन उचलून तिच्या हातात दिलं. तिला सही येत न्हाई, अंगठा लावते म्हनली. साखराबाई लगेच पुढं, “अंगठा कशाला? ये, मी शिकवते. पह्यले ‘ता’ काढ.” गाडीवाला हारन वाजवाय लागला. भिवराबाई म्हनली, थांब रं, अजून ‘रा’ व्हायचाय.

मी तिथंच उभ्या उभ्या रडले. लई सुख झालं, म्हनून रडले. सुंदररावाच्या मागं रांगंत सतरा बापे उभे होते. ते एकेक करून घरी परत गेले न आपापल्या बायकांना घेऊन आले.

त्या दिशी गाडी पाऊन तास उशिरा गेली. आता आमी चौदाच्या बत्तीस झालो. समद्याजनी म्हनत्यात, इवाईबुवांना बोलवा. तर इनबाईंना, सत्यभामाला, जावयांना न नातीला घेऊन या. धर्मापुरीच्या स्टँडवर उतरून उन्हात तीन मैल चालत येऊ नका. तिथं दुधाची गाडी सकाळी सात वाजता उभी असती. डायवरला फकस्त म्हना, आमाला बायांच्या सोसायटीवर जायचंय. तो दारात आनून सोडंल.

तुमची ईन,
छबुबाई